अ‍ॅक्सलमधलं तेल आणि डॅशबोर्डवरचा दिवा

काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर ट्रॅक्टरचं एक मागचं चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं जागचं हलत नाही. अशा वेळी चालक टाचेने एक पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला डिफ-लॉक समजावून सांगावं लागत नाही. पेडल पूर्ण खाली गेलं म्हणजे आतले दात बसले, हे त्याच्या पायाला कळतं. दातावर दात अडला तर तेही कळतं. वळण आलं की टाच उचलायची, हे अंगवळणी पडलेलं असतं.

डोंगरवाटांवर जाणाऱ्या आजच्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांत चालकाच्या पायाला असं काही कळत नाही. तो फक्त बटण दाबतो. दात बसवण्याचं काम मोटर, हवा किंवा विद्युतचुंबक करतो, आणि काम झालं की नाही ते डॅशबोर्डवरचा एक छोटा दिवा सांगतो. तो दिवा ज्याच्या भरवशावर लागतो तो स्विच किंवा सेन्सर अ‍ॅक्सलच्या हौसिंगच्या भिंतीत बसवलेला असतो. त्याचं एक टोक आत गिअर ऑइलमध्ये आणि दुसरं बाहेर, पाऊस, चिखल आणि दगडांच्या माऱ्यात. तो बसवण्यासाठी हौसिंगला एक भोक पाडावं लागतं, आणि हे सारं पुस्तक त्या भोकातून बाहेर येणाऱ्या तेलाबद्दल आहे.

एवढ्याशा गोष्टीवर पुस्तक कशाला, असं वाटणं साहजिक आहे. गळणारं तेल किती, तर चार-दोन थेंब. अ‍ॅक्सल कोरडा पडेल इतकी ही गळती सहसा वाढत नाही. गॅरेजमध्ये गाडी नेली तर मेस्त्री सिलिकॉनचा एक थर देतो आणि गाडी बाहेर पडते. माझा आग्रह असा आहे की ही गळती तेलाच्या नुकसानीसाठी मोजूच नये. ती मोजावी दिव्याच्या खरेपणासाठी. दिवा खोटा बोलू लागला तर चालक चुकीच्या क्षणी चुकीचा निर्णय घेतो, आणि तो क्षण बहुधा अशा ठिकाणी येतो जिथे दुसरी संधी नसते.

यामागचं यंत्र आधी समजून घेऊ. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. ओनेसिफोर पेक्वर या फ्रेंच माणसाने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं ते याच अडचणीवर. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं हे यंत्र त्यांना जोर मात्र सारखाच देतं. त्यामुळे एक चाक हवेत लटकलं की ते फिरवायला जेवढा नगण्य जोर लागतो, तेवढाच दुसऱ्या, जमिनीवर घट्ट टेकलेल्या चाकाला मिळतो आणि गाडी जागीच राहते. लॉक वेगवेगळ्या गतीने फिरण्याची ही सवलत तात्पुरती काढून घेतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यासारखी फिरतात. खडकावर हे वरदान ठरतं. कोरड्या, घट्ट रस्त्यावर वळताना मात्र टायर घासतात, हाफ-शाफ्टवर पीळ पडतो, आणि लॉक पुढच्या अ‍ॅक्सलचं असेल तर स्टिअरिंग वळायलाच नकार देतं. काही गाड्यांत लॉक लागताच एबीएसही बंद होतं.

म्हणजे दिवा दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. लॉक लागलेलं नसताना लागलं म्हणाला, तर चालक त्या भरवशावर चढ घेतो आणि अर्ध्यावर अडकतो. लागलेलं असताना सुटलं म्हणाला, तर पुढच्या वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. घाटातल्या अरुंद वाटेवर पुढच्या चाकांनी वळायला नकार देणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

वेगवेगळ्या कारखान्यांनी हा प्रश्न वेगवेगळा सोडवला आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्ही अ‍ॅक्सलना लॉक आहे आणि ते हाताने लिव्हर ओढून लावायची परंपरा या गाडीने जपली. नाशिकला तयार होणाऱ्या थारमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला जे यांत्रिक लॉक आलं, ते चाकांच्या गतीत फरक पडला की आपोआप लागतं, चालकाला काही करावं लागत नाही. टोयोटाने १९९० च्या दशकातल्या ऐंशी मालिकेच्या लँड क्रूझरवर विजेच्या मोटरने चालणारं लॉक दिलं. त्यात दिवा आधी लुकलुकतो आणि दात बसले की स्थिर होतो. मर्सिडीजच्या जी-क्लासमध्ये दोन रंगांचे दिवे आहेत, पिवळा म्हणजे आज्ञा पोचली, लाल म्हणजे लॉक लागलं. जीपने २००३ च्या रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढे-मागे हवेवर चालणारी लॉक बसवली आणि २००७ च्या पुढच्या पिढीत ती विजेवर आणली. गाडीचं नावच कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या रुबिकॉन ट्रेलवरून घेतलेलं आहे, आणि त्या वाटेवर एकेका दगडावर लॉकचा कस लागतो.

ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचं एअर लॉकर मात्र या रांगेत वेगळं आहे. त्याच्या बटणातला दिवा एवढंच सांगतो की बटण चालू आहे. आतले दात बसले का, हे विचारणारा सेन्सर तिथे नसतो. पण ज्या भोकातून हवेची नळी हौसिंगमध्ये शिरते, ते भोक तिथेही आहेच. म्हणून या पुस्तकात त्यालाही जागा दिली आहे, आणि त्यातून एक फार शिकवणारी गोष्ट हाती लागते. या लॉकरमध्ये फिरणाऱ्या भागापर्यंत हवा पोचवण्यासाठी बेअरिंगजवळ एक स्थिर कडं असतं आणि त्यात दोन ओ-रिंग बसतात. त्या झिजल्या, की लॉक सोडताना परतणाऱ्या हवेबरोबर गिअर ऑइल नळीतून उलटं चढतं आणि बॉनेटखालच्या सोलेनॉइडच्या तोंडातून फवाऱ्यासारखं उडतं. मालक सोलेनॉइड बदलतो, आणि तरी तेल येतच राहतं. दोष काही फूट अंतरावर, अ‍ॅक्सलच्या पोटात असतो. तेल जिथे दिसतं तिथून ते निघालेलं असतंच असं नाही, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

सेन्सरच्या बाबतीत हीच गोष्ट छोट्या मापात घडते. तेल चार वाटांनी येऊ शकतं आणि बाहेरून पाहता चारही सारख्याच दिसतात. पहिली वाट आट्यांमधून, म्हणजे स्विचचा पेच आणि हौसिंग यांच्या फटीतून. दुसरी, सेन्सरच्या आणि लॉक हलवणाऱ्या मोटरच्या बैठकीखालच्या गॅस्केटमधून. या दोन वाटांवर बहुतेक मेस्त्रींचा हात बसलेला आहे, त्यामुळे इथे जास्त थांबत नाही.

तिसरी वाट सेन्सरच्या अंगातूनच जाते. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात पितळी पिना ओतून बसवलेल्या असतात. अ‍ॅक्सल तापतो आणि थंड होतो, पण प्लॅस्टिक आणि पितळ सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. शेकडो वेळा तापून-निवून पिनेभोवती केसाएवढी फट पडते. आता तेल थेट वायर जोडायच्या कपलरमध्ये उतरतं. बाहेरून आटे कोरडे, बैठक कोरडी, आणि कपलर उघडला तर आत तेलाचं तळं. अशा सेन्सरच्या बाहेरून कितीही सिलिकॉन थापलं तरी उपयोग नाही, कारण गळती त्याच्या पोटातून आहे.

चौथी वाट सगळ्यांत कमी लोकांना माहीत आहे आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त त्रासाची आहे. काही लॉकांत वायरच हौसिंगच्या भिंतीतून आत जाते. वायर म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची जुडी, आणि तारांमध्ये मोकळी जागा असते. समईच्या वातीत तेल चढतं तसं गिअर ऑइल या तारांमधून, वरच्या आवरणाच्या आतून, वर सरकतं. पंप नसतो, दाबही लागत नाही. महिन्याभराने ते दूरच्या जोडावर दिसतं, आणि तिथे अ‍ॅक्सलचं तेल कुठून आलं हे कुणाच्याच लक्षात येत नाही. वायरचं बाहेरचं आवरण चांगलं आहे, त्यावर हीट-श्रिंक नळी आहे, रबरी ग्रोमेट नवं आहे, आणि तरी तेल येतं. उपाय एकच आहे. वायरच्या एका टप्प्यावर तारांमधली जागा बुजवायची. अर्धा इंच आवरण सोलून तारा स्वच्छ करून त्यांत कथील पूर्ण भिनवायचं, किंवा तेवढ्या भागात एकसंध तारेचा तुकडा जोडायचा, आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवायची. कथील भरलेला भाग कडक होतो आणि हलत्या वायरमध्ये तिथेच तुटतो, म्हणून तो टप्पा क्लिपने घट्ट बांधलेला हवा. या एका कामासाठी पुस्तकात आकृत्यांसह वेगळं प्रकरण दिलं आहे.

गळणारं तेल कपलरमध्ये जाऊन करतं काय, याबद्दलही गैरसमज आहेत. गिअर ऑइल वीज वाहत नाही, त्यामुळे लगेच शॉर्ट होत नाही. ते हळूहळू बिघडवतं. कपलरमधली सिलिकॉनची सीलं तेलात फुगतात आणि जागेवरून सरकतात. पिनांवर चिकट थर बसतो, त्यात धूळ अडकते. संपर्क कधी होतो, कधी होत नाही, आणि दिवा थंडीत एक सांगतो, उन्हात दुसरं. सगळ्यांत वाईट म्हणजे तेलाला बाहेर यायची वाट मिळाली की पाण्याला आत जायची वाट मिळालीच. गाडी ओढा ओलांडते तेव्हा हे कळतं.

ओढ्यातल्या पाण्याचा हिशेब इथेच मांडतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया तो आहे. लांबलचक चढ चढून आलेला अ‍ॅक्सल समजा ९० अंश सेल्सिअसला तापला आहे आणि तो २५ अंशांच्या पाण्यात उतरला. आतली हवा तितकी थंड झाली आणि बाहेरची हवा आत यायला वाट नसेल, तर दाब सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. त्यातले अडीच पौंडांहून थोडे जास्त कमी होतात. आता तुलना करा. अर्धा मीटर खोल पाण्याचा स्वतःचा दाब पाऊण पौंडही भरत नाही. म्हणजे पाणी आत ढकललं जातं त्याच्या तिपटीहून जास्त जोराने ते आत ओढलं जातं. उलट दिशेनेही हेच. सकाळच्या थंड अ‍ॅक्सलचं हवेची वाट बंद असेल आणि तो ९० अंशांना तापला, तर आतला दाब चौरस इंचाला तीन पौंडांनी वाढतो. २००३ च्या रुबिकॉनची हवेची लॉक ज्या दाबावर चालतात तो पाच पौंडांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतलं तर तीन पौंड किती मोठे ते कळेल. एवढा दाब रोज सकाळ-संध्याकाळ एखाद्या नाजूक ओ-रिंगने सोसावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून अ‍ॅक्सलला ब्रीदर असतो. हौसिंगच्या वरच्या बाजूला एक छोटी टोपी, तिच्यातून हवा आत-बाहेर होते. पहिल्याच पावसाळ्यात ती चिखलाने बुजते, मग हवा दुसरी वाट शोधते आणि ती वाट बहुतेक वेळा सेन्सरजवळ सापडते. सेन्सर गळतोय म्हणून आलेल्या गाडीचा ब्रीदर मी सगळ्यांत आधी पाहतो. तो बुजलेला असेल तर नवं सील घालण्यात अर्थ नाही, तेही तसंच ढकललं जाईल. टोपीच्या जागी नळी जोडून ती बॉनेटखाली किंवा मागच्या दिव्याच्या उंचीवर न्यावी. नळीला मध्येच खोलगट झोळ पडू देऊ नये, नाहीतर तिथे पाणी साचतं. २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा सुरू झाली. तसल्या चिखलपाण्यात तासन्‌तास बुडून राहणाऱ्या गाडीला उंच ब्रीदरशिवाय तरणोपाय नाही. पण सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्या साध्या गाडीलाही त्याची तितकीच गरज आहे, आणि खर्च एका नळीचा आणि दोन क्लॅम्पचा.

तेलाची पातळी हे दुसरं विसरलं जाणारं कारण. सेन्सर सहसा उभ्या गाडीतल्या तेलाच्या पातळीच्या वर बसवलेला असतो, तिथे क्राऊन गिअरने उडवलेलं तेल पोचतं पण तो बुडत नाही. गाडी उंच केली आणि शाफ्टचा कोन साधायला अ‍ॅक्सल थोडा फिरवला, तर भरण्याच्या बोल्टची उंची बदलते. मग जुन्या सवयीने त्या भोकापर्यंत तेल भरलं तर पातळी हवी त्याहून वर जाते आणि सेन्सर कायमचा बुडतो. अशा गाडीत किती तेल घालायचं ते मापून ठरवावं लागतं.

सामानाबद्दल मी थोडा कठोर आहे. गिअर ऑइल, विशेषतः जीएल-५ प्रतीचं, गंधक आणि स्फुरदाच्या संयुगांनी युक्त असतं, त्याचा तो उग्र वास त्यामुळेच येतो. त्याच्यापुढे कुठलंही रबर चालत नाही. नायट्राइलची ओ-रिंग साधारण १०० अंशांपर्यंत ठीक काम देते. जास्त तापणाऱ्या ठिकाणी फ्लुओरोकार्बनची, बाजारात व्हायटॉन नावाने मिळणारी, घ्यावी. ब्रेकच्या कामाची ईपीडीएमची रिंग दिसायला तशीच काळी असते, पण खनिज तेलात ती फुगून मऊ पडते. सायकलच्या ट्यूबचा तुकडाही तसाच. रिंगा मिसळलेल्या डब्यातून हाताला लागेल ती मापाची रिंग उचलणं ही सवय कायमची सोडली पाहिजे. तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घालावा. नसेलच मिळत, तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो, पण त्यावर खोल खाचा नसाव्यात.

टेफ्लॉन टेपला मी या कामात विरोध करतो. अनेक स्विचना एकच वायर असते आणि वीज परत जाते ती स्विचच्या अंगातून हौसिंगमध्ये. टेपचे वेढे जास्त झाले तर ती वाट कच्ची होते आणि दिवा पुन्हा बेभरवशाचा. शिवाय सुटलेले धागे तेलात फिरतात. आट्यांसाठी धातूच्या फटीत, हवेविना घट्ट होणारं पातळ सीलंट चांगलं. बैठकीसाठी आरटीव्ही सिलिकॉन चालतं, मात्र ज्याला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. आरटीव्ही हवेतल्या ओलाव्याने सुकतं, त्याला पूर्ण एक दिवस द्यावा. आणि पातळ लावावं. आतल्या बाजूने दबून बाहेर आलेली जाड कड सुटली की ती बेअरिंगपर्यंत जाते.

पिनेभोवती गळणारा सेन्सर एपॉक्सीने बुजवता येतो का, हा प्रश्न वारंवार येतो, कारण जुन्या गाड्यांचे सेन्सर मिळत नाहीत आणि मिळाले तर महाग असतात. उत्तर असं की बुजवता येतो, पण तेलाच्या बाजूने. बाहेरच्या तोंडावर भरलेल्या एपॉक्सीला मागून दाब येतो आणि तो तिला उचकटून काढतो. आतल्या बाजूने भरली तर तोच दाब तिला जागेवर दाबून धरतो. ओढ्यात दाब उलटतो, तेव्हा बाहेरच्या बाजूचं सील उपयोगी पडतं, म्हणून दोन्हीकडे भरणं उत्तम. भरण्याआधी तेलाचा अंशही राहता कामा नये. तेल प्लॅस्टिकच्या फटीत मुरलेलं असतं, ते एकदा पुसून जात नाही. ब्रेक क्लीनरने धुवावं, हलकी उष्णता द्यावी, पुन्हा धुवावं. आतला दांडा किंवा गोळी मोकळी हलते की नाही ते एपॉक्सी घट्ट होण्याआधीच तपासावं.

आणि या सगळ्याच्या आधी शोध. हौसिंग पूर्ण धुऊन कोरडं करावं, संशयाच्या जागांवर बारीक पावडर भुरभुरावी, गाडी चालवून आणावी आणि पहिली ओल कुठे उमटते ते पाहावं. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, त्यामुळे सर्वांत भिजलेली जागा ही बहुधा उगमाची नसते. वास आणि रंगही साक्ष देतात. ब्रेक ऑइल, ट्रान्स्फर केसचं लालसर तेल आणि अ‍ॅक्सलचं तेल यांत नाक फरक करतं.

हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यांत मालकही आहेत आणि मेस्त्रीही. मालकाने पहिली दोन प्रकरणं आणि शेवटचं वाचलं तरी चालेल. मेस्त्रीने मधली पाच हाताशी ठेवावीत. काम संपल्यावरची तपासणी मात्र दोघांनी मिळून करावी, म्हणून ती इथेही लिहितो.

गाडी सपाट जागी घ्या, जमिनीवरच्या चाकांना दगड लावा, ज्या अ‍ॅक्सलचं काम केलं तो घोडीवर उचला. मागचा असेल तर हँडब्रेक सोडा. इंजिन बंद, इग्निशन चालू, गाडी गिअरमध्ये आणि फोर बाय फोर लावलेली. लॉक सुटलेलं असताना एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलट दिशेने फिरतं. आता बटण दाबा. दिवा लुकलुकू लागेल, किंवा तुमच्या गाडीत आज्ञा पोचल्याची जी खूण असेल ती दिसेल. एकाने चाक अगदी सावकाश फिरवावं, दुसऱ्याने दिव्याकडे पाहावं. दात बसले की खट् आवाज येतो आणि थोडीशी ढिलाई सोडली तर चाक हाताने फिरेनासं होतं. दिव्याने त्याच क्षणी लॉक लागल्याचं सांगितलं पाहिजे, आधीही नाही आणि नंतरही नाही. लॉक सोडतानाही हेच पाहा. मग गाडी तापेपर्यंत चालवून आणा आणि गरम अ‍ॅक्सलवर हीच तपासणी पुन्हा करा, कारण पिनेभोवतीची फट थंडीत बंद आणि उष्णतेत उघडी असू शकते. पहिला ओढा ओलांडल्यावर भरण्याचा बोल्ट काढून तेलाचा रंग पाहा. तेल दुधाळ किंवा कॉफीसारखं दिसलं, तर ते सगळं काढून टाका आणि ब्रीदरपासून पुन्हा सुरुवात करा.